बालकांच्या कल्पनाशक्तीचे कैवारी : गिजुभाई बधेका

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र वाचकांस सादर करण्याचा प्रघात आहे. बहुधा ही चरित्रे वीरांची, संतांची किंवा समाजधुरीणांची असतात. ह्या वर्षी मी एका शिक्षकाचे चरित्र सादर करीत आहे. शिक्षकाच्या आयुष्यात लढाया नसतात, सिंहासने नसतात. असतो तो एक वर्ग, एक फळा आणि समोर बसलेली मुले. तथापि ह्या गृहस्थांनी वर्गातील मुलांकडे पाहण्याची दृष्टीच पालटून टाकली. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या प्रांताचेही नव्हते. सौराष्ट्रातील एका लहानशा गावी त्यांचा जन्म झाला आणि त्यांनी आयुष्यभर गुजराती भाषेत लेखन केले. परंतु महाराष्ट्रातील ज्या ज्या बालवाडीत आज मुले गोल करून बसतात, गोष्ट ऐकतात, मातीची चित्रे करतात व बाईंना न भिता प्रश्न विचारतात, तेथे तेथे त्यांचे ऋण आहे. ते गृहस्थ म्हणजे गिजुभाई बधेका.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका हे त्यांचे संपूर्ण नाव. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी चित्तळ ह्या गावी झाला. बाळपण वळा, म्हणजे आजचे वल्लभीपूर, येथे गेले. त्या काळी प्राथमिक शाळांतील शिक्षण म्हणजे पाढे, घोकंपट्टी आणि छडी हेच होते. छडीवाचून विद्या येत नाही, अशी पालक आणि पंतोजी ह्या दोघांचीही ठाम समजूत असे. मुलाने बोलावे ते विचारल्यावर, आणि तेही पुस्तकात असेल तेवढेच. गिजुभाईंचे आरंभीचे शिक्षण अशाच वातावरणात झाले. ह्या शिक्षणाच्या कडू आठवणी त्यांच्या मनात खोल रुजल्या होत्या आणि पुढे त्यांच्या लेखनात त्या वेळोवेळी उमटल्या.

उच्च शिक्षणासाठी ते भावनगरास आले खरे, परंतु घरच्या परिस्थितीमुळे महाविद्यालयीन शिक्षण पुरे झाले नाही. १९०७ साली अर्थार्जनासाठी त्यांनी पूर्व आफ्रिकेची वाट धरली. परक्या मुलुखात स्वतःच्या हिमतीवर उभे राहण्याचा धडा त्यांस तेथे मिळाला. १९०९ साली ते मायदेशी परतले. पुढे मुंबईस कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिलीत जम बसत होता. सामान्य माणसाच्या दृष्टीने आयुष्याची घडी नीट बसली होती. ती विस्कटली ती एका तान्ह्या मुलामुळे.

१९१३ साली त्यांस पुत्रप्राप्ती झाली. मूल जन्मास आले की आईबाप त्याच्या भवितव्याची स्वप्ने पाहतात. गिजुभाईंपुढे मात्र एक सरळ प्रश्न उभा राहिला. आपण ज्या शाळेत मार खात शिकलो, त्याच शाळेत ह्या मुलास घालावयाचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते शिक्षणशास्त्राची पुस्तके वाचू लागले व शाळा पाहू लागले. अशा शोधात वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन ह्यांच्याकडून त्यांस मादाम मॉन्टेसरी ह्यांच्या पद्धतीची ओळख झाली.

मारिया मॉन्टेसरी ह्या इटलीतील डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक बालगृह उघडले. मूल हे रिकामे मडके नव्हे, ते आपल्या आंतरिक ओढीने शिकत असते, मोठ्यांनी त्याच्या हाताशी योग्य साधने ठेवावीत व स्वतः बाजूस व्हावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते. तेथे मुले आपल्या आवडीचे साधन निवडीत, हवा तितका वेळ ते हाताळीत आणि आपली चूक आपणच सुधारीत. तेथे बक्षीस नव्हते आणि शिक्षाही नव्हती. हे वाचून गिजुभाईंस आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले.

भावनगर येथे १९१० साली नानाभाई भट्ट ह्यांनी श्रीदक्षिणामूर्ती विद्यार्थिभवन ही संस्था स्थापन केली होती. आरंभी ती परगावच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेले एक वसतिगृहच होती. ज्ञातिसंस्थांनी ठिकठिकाणी चालविलेली वसतिगृहे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस तिची कल्पना सहज यावी. गिजुभाई प्रथम कायद्याचे सल्लागार म्हणून ह्या संस्थेच्या संपर्कात आले. पुढे १९१६ साली चालती वकिली सोडून ते संस्थेत कायमचे दाखल झाले. वकिलाच्या मिळकतीवर पाणी सोडून शिक्षकाचे वेतन पत्करणे ही त्या काळी काय, आजही वेडेपणाची गोष्ट समजली जाईल. अशा वेड्या माणसांमुळेच समाजाचे पाऊल पुढे पडते, हे सांगणे नलगे.

आरंभी काही वर्षे त्यांनी मोठ्या मुलांस शिकविले. ह्या अनुभवातून त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. मोठी मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्या मनाला वळण लागून गेलेले असते. प्रश्न विचारण्याची भीती, चुकण्याची लाज आणि पाठ करून सुटका करून घेण्याची सवय ह्या तिन्ही गोष्टी पक्क्या झालेल्या असतात. झाड वाकडे वाढल्यावर खोडास टेकू देण्यापेक्षा रोपाचीच काळजी घ्यावी, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. त्यानुसार १९२० साली त्यांनी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. पुढे भावनगरातील तख्तेश्वर मंदिराजवळील टेकडीवर ह्या बालमंदिरास हक्काची वास्तू लाभली. ह्या टेकडीवरच गिजुभाईंच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे गेली. त्यांच्या चेहऱ्यावर भरघोस मिशा होत्या आणि अंतःकरण मात्र आईचे होते. म्हणून लोक त्यांस कौतुकाने मिशाळ आई म्हणू लागले. गुजरातेत आजही त्यांची ओळख ह्याच नावाने आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट विस्ताराने सांगणे अवश्य आहे. गिजुभाई मॉन्टेसरीबाईंचे भक्त होते, परंतु आंधळे भक्त नव्हते. लहान मुलांस पऱ्यांच्या व काल्पनिक गोष्टी सांगू नयेत, असे मॉन्टेसरीबाईंचे मत होते. लहान मुलास खरे काय व खोटे काय ह्याचा उलगडा होत नाही, म्हणून प्रथम त्यास प्रत्यक्ष जगाची ओळख करून द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. गिजुभाईंनी बालमंदिरात नेमके उलट केले. सौराष्ट्र ही लोककथांची भूमी आहे. तेथे आजीच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकल्यावाचून मूल मोठे होत नाही. गिजुभाईंनी ह्या लोककथा गोळा केल्या, त्यांस मुलांच्या बोलीचा साज चढविला आणि गोष्ट हा बालमंदिराचा कणा बनविला. त्याचप्रमाणे लोकगीते, नृत्य, नाटक, चित्रे, मातीकाम, बागेतील भटकंती ह्यांचाही त्यांनी शिक्षणात समावेश केला. साधने परदेशातून आलेली असली तरी त्यांच्या बालमंदिराचा आत्मा काठेवाडी होता. ज्या गुरूने स्वतंत्रपणे विचार करावयास शिकविले, त्या गुरूच्या शब्दापुढेही आपला अनुभव झाकून ठेवू नये, हेच त्यांनी आपल्या कृतीने दाखविले. जो शिक्षक स्वतः स्वतंत्र विचार करीत नाही, तो मुलांस स्वतंत्र विचार करावयास कसा शिकविणार?

त्यांच्या गोष्टी आजही गुजरातेत घरोघरी सांगितल्या जातात. सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट पाहा. शाळेतील मुले त्यास सात शेपट्यांवरून चिडवितात, म्हणून तो रोज एकेक शेपटी कापून घेतो. अखेरीस एकही शेपटी उरत नाही आणि मग मुले त्यास बंडा म्हणून चिडवू लागतात. दुसरी गोष्ट आनंदी कावळ्याची. राजा त्यास नाना प्रकारच्या शिक्षा देतो. कधी त्यास चिखलात टाकतो, तर कधी विहिरीत. परंतु कावळा प्रत्येक ठिकाणी आनंदाचेच गाणे गातो आणि शेवटी राजाच थकतो. ह्या गोष्टी ऐकताना मूल हसते. हसता हसता त्याच्या मनात काहीतरी हलते. लोक काय म्हणतील ह्या भयापोटी आपण आपल्या किती शेपट्या कापून घेतल्या, हे कळावयास आपणा मोठ्यांस अर्धे आयुष्य जाते!

गोष्ट कशी सांगावी, कोणत्या वयाच्या मुलास कोणती सांगावी, ह्याविषयी गिजुभाईंनी गुजरातीत स्वतंत्र शास्त्रच लिहिले आहे. त्यातील एक मुद्दा प्रत्येक शिक्षकाने व पालकाने हृदयावर कोरून ठेवावा, असा आहे. गोष्ट ही आनंदासाठी सांगावयाची. तिच्या शेपटाला उपदेशाची घंटा बांधावयाची नाही. गोष्ट संपली की लगेच मुलांस उभे करून त्यातून काय बोध घेतलात, असे विचारू नये. बोध घ्यावयाचा तो मुलाचे मन आपल्या वेळी, आपल्या रीतीने घेते. आपण बोध तयार करून हाती दिला, की मुलाचे विचार करण्याचे काम आपण हिरावून घेतो.

हे वाचले तेव्हा मला माझ्या नोकरीचे दिवस आठवले. मराठी शाळेत गोष्टीचा धडा संपला की तात्पर्य विचारणे हा आम्हां शिक्षकांचा नित्यनेम. पस्तीस वर्षे मी तात्पर्य विचारीत आलो. मुलांनी मीच सांगितलेले तात्पर्य मला परत सांगावे आणि मी त्यांस शाबासकी द्यावी, ह्यास मी अध्यापन समजत होतो. एकदा चौथीच्या वर्गास मी आमची गाय ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. पद्धतीप्रमाणे मुद्दे फळ्यावर लिहून दिले होते. गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय व दोन शिंगे असतात, वगैरे. एका मुलाने मात्र फळ्यावरील काहीच लिहिले नाही. त्याने लिहिले की, आमची गाय दिवाळीच्या आधी विकली, गोठा आता रिकामा आहे, परंतु आई अजून सकाळी उठून सवयीने पाण्याची बादली घेऊन गोठ्यापर्यंत जाते आणि परत येते. निबंध पाच ओळींचा होता. मी त्याखाली लाल शाईने शेरा मारला की, विषय सोडून लिहिले आहे. गुण दिले दहापैकी दोन. त्यानंतर तो मुलगा वर्षभर निमूटपणे फळ्यावरचे उतरवून घेत राहिला. त्याच्या वह्या स्वच्छ होऊ लागल्या, ह्याचे मला त्या वेळी समाधान वाटले होते. सेवानिवृत्तीनंतर गिजुभाईंचे पुस्तक हाती आले, तेव्हा मी त्या मुलाकडून काय काढून घेतले, हे मला उमजले.

ते पुस्तक म्हणजे दिवास्वप्न. १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ते गुजरातीत प्रसिद्ध झाले. काशिनाथ त्रिवेदी ह्यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. पुढे नॅशनल बुक ट्रस्टनेही ते प्रकाशित केले असल्यामुळे आज ते अल्प किमतीत उपलब्ध आहे. हे कादंबरीच्या धर्तीवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक आहे. त्यातील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एक वर्षासाठी प्रयोगार्थ मागून घेतो. अधिकारी वर्ग देतात, परंतु वर्षअखेर परीक्षेला तोंड द्यावे लागेल, अशी जाणीवही देतात.

पहिला दिवस पूर्णपणे फसतो. शिक्षक मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि मुले गोंगाट करून त्याची फजिती करतात. अखेर त्यास मुलांस सुट्टी द्यावी लागते व त्याबद्दल मुख्याध्यापकांचा रोषही ओढवतो. पुस्तकात विद्वान माणसाने काढलेल्या योजना आणि प्रत्यक्ष वर्ग ह्यांतील अंतर गिजुभाईंनी येथे स्वतःकडे हसत हसत दाखविले आहे. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सांगू लागतो आणि काय आश्चर्य! जो वर्ग काल आवरत नव्हता, तो आज टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत होतो. पुढे गोष्टीच्या ओढीने मुले वाचू लागतात. पाठ्यपुस्तकांसाठी खर्च व्हावयाच्या पैशांतून गोष्टींची निरनिराळी पुस्तके घेऊन वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, कारण सर्वांनी एकच पुस्तक विकत घेण्यापेक्षा प्रत्येकाने वेगळे घेऊन अदलाबदल केली तर सर्वांनाच अनेक पुस्तके वाचावयास मिळतात. खेळांतून शिस्त येते. इतिहास गोष्टीतून शिकविला जातो. मुले नाटके करतात, परंतु पाठ केलेल्या भाषणांची नव्हेत. गोष्ट मनात असते, संवाद ज्याचे त्याने आयत्या वेळी रचावयाचे.

ह्यावर इतर शिक्षक हसतात. गोष्टी व खेळ ह्यांत वर्ष गेले तर अभ्यासक्रम केव्हा पुरा होणार, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. पालकही साशंक असतात. पालकांची सभा बोलवावी, तर थोडीच मंडळी येतात व त्यांसही ह्या नव्या विचारांचे सोयरसुतक नसते. वाचकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. ते वाचताना आपणांस वाटेल की हे आपल्याच गावातील शाळेचे वर्णन आहे. वर्षाच्या शेवटी मुलांची प्रगती पाहून शिक्षणाधिकाऱ्यांसही प्रयोगाची किंमत पटते. पुस्तकास दिवास्वप्न हे नाव देण्यात गिजुभाईंची नम्रता आहे. वस्तुतः त्यातील बहुतेक गोष्टी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागेपणी करून पाहिलेल्या होत्या.

शिक्षेप्रमाणेच बक्षिसासही गिजुभाईंचा विरोध होता, ही गोष्ट अनेकांस चमत्कारिक वाटते. छडी वाईट हे आज सर्वांस मान्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. परंतु बक्षिसात वाईट काय? ह्यामागील विचार असा की, मूल चित्र काढते ते रंगांच्या आनंदासाठी. त्यावर बक्षीस लावले की त्याची नजर कागदावरून उठून परीक्षकाच्या चेहऱ्यावर जाते. परीक्षकास काय आवडेल, गेल्या वर्षी कोणत्या चित्रास पहिला क्रमांक मिळाला, ह्याचा हिशोब ते करू लागते. मग वर्गातील चाळीस मुले दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य व खालून वाहणारी नदी असे एकच चित्र चाळीस वेळा काढतात. भय आणि लोभ दिसावयास निरनिराळे असले, तरी दोघेही मुलाचा स्वतःच्या विचारावरील विश्वास कमी करतात.

बालमंदिर चालवून गिजुभाई थांबले नाहीत. अशा शाळा गावोगावी निघावयाच्या तर तसे शिक्षक हवेत, हे ओळखून त्यांनी १९२५ साली अध्यापन मंदिर सुरू केले. ह्या सुमारास त्यांस ज्या सहकारी लाभल्या, त्यांच्यामुळे हे चरित्र आपल्या महाराष्ट्राशी जोडले गेले आहे. त्या म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ह्या पदवीधर विदुषी राजकोट येथे अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख होत्या. गिजुभाईंच्या कार्याची माहिती मिळताच १९२३ साली त्या भावनगरास दाखल झाल्या व नऊ वर्षे त्यांच्यासमवेत राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका हे मासिक दोघांनी मिळून चालविले. पुढे ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती काढली. अशा रीतीने काठेवाडातील टेकडीवरचा विचार मराठी घरांत पोहोचला.

गिजुभाईंच्या लेखणीस विसावा नव्हता. मुलांसाठी गोष्टी, गाणी, छोटी वाचनपुस्तके आणि शिक्षकांसाठी व आईबापांसाठी शास्त्रीय ग्रंथ अशी लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. अंगीकृत कार्याच्या व्यापाने शरीर थकत होते. १९३६ साली ते दक्षिणामूर्तीतून निवृत्त झाले, परंतु स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. राजकोट येथे शिक्षक तयार करण्याचे नवे काम त्यांनी हाती घेतले. ते पुरते मूळ धरण्याआधीच २३ जून १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचा देहान्त झाला. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. दैवदुर्विलास असा की, ज्या मॉन्टेसरीबाईंच्या विचारांसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या बाई त्याच वर्षाच्या अखेरीस प्रथमच हिंदुस्थानात आल्या आणि मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी आपले वर्ग सुरू केले. त्यांच्या स्वागतास गिजुभाई उरले नव्हते.

बीज मात्र वाया गेले नाही. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईतील दादर येथे शिशुविहार सुरू केला. हे शिक्षण केवळ शहरातील सुस्थितीतील मुलांपुरते राहू नये, ह्या तळमळीने त्या १९४५ साली बोर्डी येथे गेल्या व पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. अनुताई वाघ ह्या त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून अंगणवाडी चालू झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शिंपले व खडे आले. एका भावनगरी टेकडीवरचा दिवा अशा प्रकारे दुसऱ्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत नेण्यात आला. १९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता आपण आपल्याकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घोकंपट्टीऐवजी आकलनावर व विचारशक्तीवर भर द्यावा, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून खेळांतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. गिजुभाईंनी हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले होते. परंतु धोरणे कागदावर राहतात आणि मुले वर्गात बसलेली असतात. आज छडी गेली, तिच्या जागी टक्केवारी आली. बालवाडीतील चार वर्षांच्या मुलास घरी गिरविण्यासाठी पाने दिली जातात व ती दिली नाहीत तर पालकच तक्रार करतात. शिकवणीच्या वर्गात उत्तरांचे साचे मिळतात. मुलाने स्वतःचे वाक्य लिहिले तर गुण जातील, अशी धास्ती आईबापांस वाटते. ती सर्वस्वी निराधार आहे, असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? तशा एका वाक्यास मीच दोन गुण दिले आहेत.

परीक्षा व गुण ह्यांचे महत्त्व एका रात्रीत नाहीसे होणार नाही, हे मी जाणतो. गरीब घरातील मुलास परीक्षेनेच नोकरीचे दार उघडून दिले आहे, हेही विसरून चालणार नाही. आपल्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तो बंद करावा असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याच दिवशी एक प्रहर असा ठेवता येईल की, ज्यात मुलांनी स्वतः रचलेली गोष्ट सांगावी, स्वतः मनाने काढलेले चित्र मांडावे, टाकाऊ वस्तूंतून काही बनविले असेल तर ते दाखवावे. त्यात क्रमांक नसावेत, परीक्षक नसावेत. वडीलधाऱ्यांनी फक्त पाहावे, ऐकावे व कुतूहलाने विचारपूस करावी. ज्या मुलाचे नाव गुणवंतांच्या यादीत कधीच येणार नाही, त्यासही आपल्या माणसांसमोर उभे राहण्याचा तो एक दिवस लाभेल. कार्यकारी मंडळाने ह्या सूचनेचा अवश्य विचार करावा.

माता-पित्यांस व आजी-आजोबांस माझी विनंती ह्याहूनही सोपी आहे. त्यास खर्च नाही आणि कोणाची परवानगीही नको. रात्री झोपण्यापूर्वी घरातील मुलांस एक गोष्ट सांगावी. पुस्तकातील सांगावी, आपल्या आजीने सांगितलेली सांगावी, नाहीतर रचून सांगावी. मूल मध्येच थांबवून काही विचारील, तर गोष्ट थांबवावी. ते गोष्टीचा शेवट बदलू पाहील, तर बदलू द्यावा. आणि गोष्ट संपल्यावर दिवा मालवावा, तात्पर्य विचारू नये.

ज्या घरांत एवढे घडेल, त्या घरांतील मुले शाळेत गेल्यावर फळ्यावर नसलेले एखादे वाक्य लिहिण्याचे धाडस करतील. त्यांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांस ते वाक्य ओळखण्याची दृष्टी लाभो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना आहे. गिजुभाईंस आपण ह्याहून मोठी आदरांजली वाहू शकणार नाही.